धाकोजीबाबांचं सुतक

खालापुरात मामलेदार कचेरी आहे, तळं आहे, बाजार आहे, शाळा आहे आणि शाळेत मी आहे. तोफ मात्र नाही. असं असूनही मी इथे बदलून आलो त्या पहिल्याच दिवशी, ऐन दुपारी, खिडकीखाली कोणीतरी "ठोऽऽऽ!" करून असं गरजलं की माझ्या हातातला खडू खाली पडला. मुलं मात्र निवांत पाट्या आवरायला लागली.

"बारा वाजलं, मास्तर," पुढे बसलेला एकजण म्हणाला. "धाकोजीबाबा सुटलं."

मी बाहेर येऊन पाहिलं. तळ्याच्या पाळीवर साठीच्या घरातला एक उंच, वाळका गृहस्थ कानातली बोटं काढत होता. स्वतःच्याच आवाजाने दडे बसू नयेत म्हणून ती घातलेली. मग त्याने समोर नसलेल्या तोफेच्या पाठीवर थाप मारली आणि जेवायला निघून गेला. पुढे कळलं की हे रोजचंच आहे. सावली पायाखाली आली की धाकोजीबाबा सुटायचे. ढगाळ दिवशी पोटातल्या भुकेवर सुटायचे. अख्खं गाव त्यांच्यावर जेवायचं.

धाकोजीबाबा मूळचे शेजारच्या संस्थानातले गोलंदाज. त्या संस्थानाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांच्या हद्दीत माझी बहीण दिली आहे. आमचा मुलूख राणीचा, पलीकडचा 'सरकारां'चा, आणि मध्ये एक ओढा. शिमग्यानंतर त्यात म्हशीचं पोटसुद्धा भिजत नाही. राणी सात समुद्रांपलीकडे असते, तिला आमची नावं ठाऊक नाहीत. हे सरकार जवळ असायचे आणि त्यांना सगळ्यांची नावं ठाऊक असायची. दोहोंत वाईट कोणतं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

संस्थानात वाड्याकडे तोंड करून जोडे घालायला बंदी होती. छत्री उघडायला बंदी होती. रयतेने घरावर कौलं घालायची नाहीत, पेंढाच घालायचा, कारण कौलं वाड्यावर होती. आणि दुपारची बाराची तोफ सुटायची ती सरकार झोपेतून उठले म्हणजे. ते कधी दहाला उठायचे, कधी तीनला. संस्थानात बारा तेव्हाच वाजायचे. धाकोजीबाबा बत्ती पेटवून वाड्याच्या खिडकीकडे बघत उभे राहायचे. पडदा हलला की ठो.

एकदा सरकारांची विलायती खुर्ची आगगाडीने कर्जतला आली. ती आणायला बैलगाडीबरोबर धाकोजीबाबांना धाडलं. तिथल्या फलाटावर त्यांनी जे पाहिलं त्याची हकिगत मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे, की तो फलाट मला माझ्या अंगणासारखा पाठ आहे.

"गोरा सायेब, मास्तर! हातात टोपी, मागनं पेटीवाला, आन् सायेब पळतोय! आन् गाडी थांबली नाय! गार्डानं बघितलंपन नाय त्याच्याकडं. का? तर येळ झाली!"

या एका देखाव्याने धाकोजीबाबा बिघडले. खुर्ची पोचती केली, आणि दुसऱ्या दिवशी सावली पायाखाली येताच, खिडकीकडे न बघता, त्यांनी बत्ती दिली. सरकार पलंगावरून थेट जमिनीवर आले.

दरबारात एकच सवाल झाला. "आधी सूर्य का आधी सरकार?"

"सूर्य, सरकार," धाकोजीबाबा म्हणाले.

"मग जा सूर्याच्या राज्यात."

त्याच संध्याकाळी त्यांना ओढ्याच्या अलीकडे आणून सोडलं. घरी बायको होती आणि अंगावर पिणारी मुलगी. सरकार हयात असेपर्यंत धाकोजींनी हद्दीत पाय टाकायचा नाही, घरच्यांनी ओढा ओलांडायचा नाही, त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही. बोलल्यास जमीन जप्त. एका बरोबर वाजलेल्या दुपारची ही किंमत. मी शाळेत मुलांना वेळेचं महत्त्व शिकवतो तेव्हा हे उदाहरण टाळतो.

खालापुरात आल्यावर धाकोजीबाबा मोकळे झाले असं कोणालाही वाटेल. तसं काही झालं नाही. बाजारातून चालताना रस्ता दक्षिणेला वळला, म्हणजे तोंड वाड्याच्या दिशेला झालं, की ते पायातल्या वहाणा काढून काखेत मारायचे आणि छत्री मिटायचे. वाडा कित्येक कोसांवर, मध्ये डोंगर. वैशाखात पायांना चटके बसायचे.

"अहो बाबा, इथे कोण बघतंय?" मी म्हणायचो.

"सरकारला समदं दिसतंय," ते म्हणायचे, आणि त्याच दमात सरकारला अशी काही शिवी हासडायचे की बाजारातल्या कोळणीदेखील मान खाली घालायच्या.

ते इस्माईलशेटच्या वखारीत राखणीला होते. इस्माईलशेटचं घराणं मूळचं किनाऱ्यावरचं. संस्थानच्या रानातलं लाकूड आणि कोळसा घेऊन ते कर्जत स्टेशनात चढवत. त्यांनी धाकोजीबाबांच्या झोपडीला कौलं फुकट देऊ केली. "नको. सरकार गेलं की घालीन," असं उत्तर आलं. सगळा जन्म असा 'सरकार गेलं की' या खुंटीला टांगलेला. दुखरी दाढ काढायची ती सरकार गेलं की. नवं धोतर, तेही सरकार गेलं की.

साहजिकच सरकारांच्या तब्येतीवर त्यांची घारीसारखी नजर. पलीकडून गाडीवाला आला की बैल सुटायच्या आत प्रश्न यायचा, "सरकारचं पोट कसं हाय रं?" सरकारांना काय पचतं, काय बाधतं, वैद्याने कोणता काढा दिला, हे आमच्या तालुक्याला घरच्या म्हाताऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. "या आखाडात जानार," धाकोजीबाबा दरसाल सांगायचे. आषाढ जायचा. सरकार नवं बाळसं धरायचे.

हसायची गोष्ट खरी, पण त्या पोटावर आमच्या सगळ्यांचंच पोट होतं. सरकारांना मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी वखारीत बैठक बसली की एकच विषय, पुढे काय? कोणी म्हणायचं, राणीसाहेब दत्तक घेतील. कोणी म्हणायचं, गोरा साहेब मुलूख खालसा करील. इस्माईलशेटना धास्ती की नवा कारभारी रान बंद करील, मग कर्जतला पाठवायचं काय? पलीकडून पळून आलेली माणसं आमच्याकडे शेतमजुरीला होती. ती परत गेली तर भात कोण कापणार, ही आमच्या खोतांची चिंता. सगळ्यांना सरकार मेलेले हवे होते आणि कोणालाच ते मरायला नको होते. एकटे धाकोजीबाबा सरळ होते. त्यांना ते मेलेलेच हवे होते.

का, ते चैत्रात कळायचं. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर जाखमातेचं देऊळ आहे. चैत्रात तिची जत्रा. धाकोजीबाबांची बायको मागेच गेली होती. मुलगी, सगुणा, मामाकडे वाढली आणि संस्थानातच दिली. जत्रेच्या दिवशी ती पाण्याचं निमित्त करून ओढ्यावर यायची, आणि धाकोजीबाबा अलीकडच्या जांभळीखाली उभे असायचे. मामाने तिला लहानपणी सांगून ठेवलं होतं, "ज्याच्या मिश्या कानाला लागल्यात, तो तुझा बा." म्हणून मिश्या. जत्रेच्या आधी आठवडाभर धाकोजीबाबा त्यांना तेल पाजायचे, फडक्याने बांधून झोपायचे. सरकारांनी बोलायला बंदी केली होती, बघायला बंदी करायची विसरले होते. ती कडेवरचं पोर थोडं वर उचलायची. हे मिशीला पीळ भरायचे. ती कळशी भरून निघून जायची. झालं. तेवढ्यावर हा माणूस वर्ष काढायचा.

"औंदा पोर हसलं, मास्तर," असं मला पावसाळाभर ऐकावं लागायचं.

आणि मग, "सरकार गेलं की मी पल्याड जानार. तिच्या वट्यावर बसनार. म्हननार, सगुने, पानी दे गं. बास. माझा आवाजच नाय ऐकला तिनं."

त्या वर्षी माघात एक गाडीवाला कर्जतहून आला आणि सहज म्हणाला की स्टेशनात सरकारांच्या नावाने मुंबईहून बर्फाच्या पेट्या उतरल्यात, भुसा भरलेल्या, रात्रंदिवस वाड्यावर चालल्यात.

धाकोजीबाबा उठून उभे राहिले. "थंडीत बर्फ?" ते म्हणाले. "सरकार गेलं. दत्तकाचं जमेस्तवर झाकून ठेवलंय."

आणि खरंच तसं होतं. वाड्यात सकाळ-संध्याकाळ ताट आत जात होतं, विडा जात होता, फिर्यादी आत नेऊन उभे केले जात होते. सरकार काही बोलत नसत, पण जिवंतपणी तरी फिर्यादीला कुठे उत्तर देत? कोणाच्या काही लक्षात आलं नाही. दत्तक ठरला, साहेबाने मान हलवली, आणि मग सरकार अधिकृतपणे वारले.

मला वाटलं, धाकोजीबाबा आता नाचतील. ते तळ्याच्या पाळीवर बसून राहिले. त्या दुपारी सुटायलाही विसरले. "लई वर्सं लावली मेल्यानं," एवढंच म्हणाले.

संस्थानचा रिवाज असा की राजा गेला म्हणजे रयतेतल्या एकूणएक पुरुषाने डोकं आणि मिशी उतरवायची. नाक्यावर शिपाई बसले. मिशीवाला माणूस सुतकात आत यायचा नाही. आमच्याकडच्या व्यापाऱ्यांनाही लागू. इस्माईलशेट म्हणाले, "माझी दाढी तुमच्या सरकारची नाही," आणि सुतक संपेपर्यंत गाड्या उभ्या ठेवल्या. धाकोजीबाबा मात्र आमच्या गावच्या न्हाव्यासमोर जाऊन बसले. न्हाव्याचाच हात अडला.

"भादर रं," बाबा म्हणाले. "मिशी काय, परत येईल. आता लांबून वळखायची गरजच काय? वट्यावर बसनार मी."

मी त्यांच्याबरोबर नाक्यावर गेलो. नवा कारभारी तपासणीला आला होता. पुण्याकडचा, शिकलेला, सोनेरी काड्यांचा चष्मा. साहेबानेच नेमून पाठवलेला. मला त्याने खुर्ची दिली, धाकोजीबाबा अनवाणी उभे राहिले. माझं सगळं बोलणं त्याने शांतपणे ऐकलं.

"हुकूम कैलासवासी सरकारांचा," तो म्हणाला. "मागे घ्यायचा अधिकार त्यांचाच."

"पण तो ते हयात असेपर्यंतचा होता."

"तोंडी होता ना? लेखी नुसतं 'हद्दपार' एवढंच आहे. सरकार असते तर त्यांना विचारता आलं असतं."

"आणि नवे सरकार?"

"ते सज्ञान होईपर्यंत जुनं काही बदलायचं नाही, असं वरून आहे."

नवे सरकार त्या वेळी सहा वर्षांचे होते आणि आईकडे जायचं म्हणून वाड्यात रडत होते, असं गाडीवाले सांगत.

तेवढ्यात डोंगराआडून तोफ ऐकू आली. कारभाऱ्याने खिशातलं घड्याळ काढलं आणि त्याचा चेहरा खुलला. "बघा मास्तर! मिनिटाचा फरक नाही. मी आल्या आल्या पहिली सुधारणा ही केली. पूर्वी इथे काय अंधेर होता याची तुम्हाला कल्पना नाही."

"अहो, याच गुन्ह्यासाठी या माणसाला हाकललंय!"

"आता तो गुन्हा नाही, कबूल. पण तेव्हा होता की नाही?"

धाकोजीबाबांनी पायाखालची सावली पाहिली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "बाराच वाजलं." आणि ओढ्याकडे चालू लागले. मला त्या चष्म्यावर थुंकावंसं वाटलं. मी नमस्कार केला. सरकारी नोकर दुसरं काय करणार?

जुने हुकूम रद्द करायचा अधिकार कारभाऱ्याला नव्हता, पण नवे काढायचा होता. शिमगा झाला आणि ओढ्यापलीकडे दवंडी पिटली गेली, इतक्या मोठ्याने की अलीकडेही ऐकू यावी. हद्दपार इसमाला हद्दीवर येऊन पाहणं, त्याला खुणा करणं किंवा त्याची चौकशी करणं हाही गुन्हा. जमीन जप्त. म्हाताऱ्या सरकारांनी जे विसरून ठेवलं होतं, ते या शिकलेल्याने आठवणीने बंद केलं. जुलूम आळशी असतो तोवर त्याच्या फटीतून माणसं जगतात. हा गृहस्थ पहाटे उठणारा होता.

जत्रा आली. मी बाबांना म्हटलं, यंदा नको.

"मी बघनार नाय," ते म्हणाले. "नुस्ता हुबा ऱ्हाईन."

जांभळीखाली आम्ही दोघे उभे राहिलो. त्यांच्या ओठावर नुसते पांढरे खुंट. समोर पाणवठ्याशी नवा नेमलेला शिपाई काठी आडवी टाकून बसलेला. सगुणा आली. कडेवर एक, पदराला एक. तिने पलीकडून आमचा सगळा काठ नजरेने धुंडाळला. नजर जांभळीवर आली, माझ्यावर आली, बाबांवरून गेली, आणि थांबली नाही. पुन्हा पहिल्यापासून शोधू लागली.

शेवटी तिने आमच्याकडे बघून हाक मारली. "ओ दादा, त्या जांभळीखाली एक म्हातारं हुबं ऱ्हायचं. मिशावालं. औंदा दिसना?"

शिपायाने मान वर केली. मी तोंड उघडलं, पण धाकोजीबाबा आधी बोलले.

"मेला तो, बाय. शिमग्याच्या आदी."

तिने कळशी खाली ठेवली. मग म्हणाली, "जवळ कोन हुतं का?"

"हुतं की. हे मास्तर हुतं."

"पानी पाजलं कोनी?"

"पाजलं," धाकोजीबाबा म्हणाले. "तरास नाय झाला त्येला. झोपंत गेला."

शिपायाने मान खाली घातली. ती कळशी तशीच रिकामी घेऊन गेली.

परतताना मी त्यांच्यावर भयंकर चिडलो होतो. वाटेतच विचारलं, का?

"शिपाई बघत हुता, मास्तर. तिचं घर त्या तुकड्यावर चालतं. मी हाय म्हनल्यावर ती दरसाल येनार, शोधनार, एक दिवस गावनार. मेलेल्याला कोन शोधतंय?" थोडं चालून गेल्यावर ते थांबले. "माझा आवाज कसा हुता वो? बरा निघाला? पैल्यांदाच बोललो तिच्याशी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मिशी वाढू दिली नाही. दर आठवड्याला न्हाव्यासमोर बसायचे. गावाने आपल्या बुद्धीप्रमाणे अर्थ लावला, बघा, जन्मभर शिव्या घातल्या, पण आता राजाचं सुतक सोडवत नाही! गोष्ट गाड्यांबरोबर पलीकडे गेली आणि कारभाऱ्याच्या कानावर पोचली. त्याने भर दरबारात या राजनिष्ठेचा गौरव केला म्हणे, आणि एक शाल पाठवली. शिपाई शाल घेऊन ओढ्याच्या मध्यावर उभा राहिला, कारण धाकोजीबाबांना पलीकडे पाय टाकायची बंदी होती. बाबा मध्यापर्यंत गेले, वाकून शाल घेतली आणि वखारीतल्या म्हाताऱ्या बैलाला पांघरली.

"बैल मुसलमानाचा आहे, बाबा," इस्माईलशेट म्हणाले. "सरकारला चालेल ना?"

पुढल्या चैत्रात ते पुन्हा जांभळीखाली जाऊन उभे राहिले. मीही गेलो. मला वाटलं होतं, ती येणारच नाही.

ती आली. या वेळी लपतछपत नाही, सरळ पाणवठ्यावर, हातात केळीचं पान. पानावर भात, वर दह्याची कवडी. शिपायाने पाहिलं आणि बिडी पेटवली. मेलेल्यासाठी पान ठेवायला बंदी नव्हती. कारभाऱ्याला ते अजून सुचलं नव्हतं. तिने पान खडकावर मांडलं आणि कावळ्याची वाट पाहत उभी राहिली.

कावळे सगळे आमच्या बाजूला होते, जांभळीवर. एकही पलीकडे जाईना.

"बा," ती मोठ्याने म्हणाली, "काय ऱ्हायलं रं तुजं? पोरींची काळजी करतोस व्हय? थोरली आता भाकऱ्या थापतिया. म्हस गाभन हाय. मामाचा दमा कमी हाय. ऐकतोस न्हवं?"

कावळा शिवेना. मृताची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, आणि मग जिवंत माणसाने ती ओळखून बोलायचं असतं. ती बोलत राहिली. घरातलं, शेतातलं, सासूचं, आईच्या शेवटच्या दुखण्याचं. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं, शिपायाच्या देखत, हद्दीच्या तोंडावर, खणखणीत आवाजात.

मी बाजूला पाहिलं. धाकोजीबाबांचा हात पाठीमागे होता. बंडीच्या खिशातून ते मुठीमुठीने कुरमुरे काढत होते आणि जांभळीच्या बुंध्याशी टाकत होते. कावळे तिथे गर्दी करून टिपत होते. खिसा चांगला फुगलेला होता. हा माणूस घरून तयारीने आला होता.

"आन् औंदा पोरगा झाला बा," ती म्हणाली. "तुजंच नाव ठेवलं. धाकू म्हनतो आमी. जित्या मानसाचं नाव ठिवत न्हाईत, न्हायतर मागंच ठिवलं असतं."

बाबांची मूठ तशीच राहिली. मग त्यांचं लक्ष तिच्याबरोबरच्या धाकटीकडे गेलं असावं. तापल्या खडकावर ती पोर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहत होती. त्यांनी खिसा झटकला, कुरमुऱ्यांवर पायाने माती लोटली आणि दोन्ही हात वर करून कावळ्यांच्या अंगावर धावले. "हाऽऽ! जा रं! तिकडं जा!" कावळे उडाले, ओढ्यावर गोल फिरले. त्यातला एक खडकावर उतरला आणि त्याने भाताला चोच लावली.

सगुणाने हात जोडले, डोळे पुसले आणि अलीकडे पाहून म्हणाली, "लई बरं केलंत, काका. ऊन फार झालं हुतं."

धाकोजीबाबांनी मान हलवली. ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे होते. मग काढून ठेवलेल्या वहाणा पायात घातल्या आणि आम्ही खालापूरच्या वाटेला लागलो.

"मास्तर," वाटेत ते म्हणाले, "फुडल्या साली कुरमुरं जरा जास्त घेऊ."